मृग लागायच्या आत: स्पोर्ट्स कार पावसाळ्यासाठी ठेवणीत घालताना

बर्फ पडणाऱ्या देशांतले हौशी लोक आपली स्पोर्ट्स कार हिवाळ्याच्या तोंडावर धुऊन-पुसून झाकतात आणि उन्हं परतल्यावर बाहेर काढतात. तिथं बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खातं. आपल्या बेळगाव-खानापूर भागात थंडी म्हणजेच गाडी चालवायचे दिवस. डिसेंबरातल्या सकाळी टप उघडा टाकून जांबोटीवरून कणकुंबीकडं निघालं की गाडी का घेतली ते परत कळतं. आपल्या गाडीनं झोपायचे महिने जून ते सप्टेंबर.

या चार महिन्यांत पाऊस गाडीवर पडत नसला तरी हवा गाडीत शिरते. डब्यातले पापड सादळतात तशी बंद गॅरेजमधली गाडीही सादळते. लेदरवर बुरशी येते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, कार्पेटखाली ओल धरते. म्हणून पुढचं सगळं वाचताना एकच हिशेब डोक्यात ठेवा: झाकण्याच्या दिवशी गाडी किती चमकते यापेक्षा ती किती कोरडी आहे ते जास्त महत्त्वाचं.

मी हे नुकसान सोसून शिकलो. माझ्या दोन सीटच्या कापडी टपाच्या गाडीचा पहिला पावसाळा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी गाडी छान धुतली, वॅक्स लावलं आणि रात्रीच वर ताडपत्री ओढून बांधली. दसऱ्याला उघडली तेव्हा सीटवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी होती, सीटबेल्टवर हिरवट डाग पडले होते आणि मागचे ब्रेक डिस्कला चिकटले होते. बॅटरी मेलेली होती. ती डिकीत, आणि डिकी विजेच्या बटणावर उघडणारी. किल्लीचं छुपं भोक शोधण्यात अर्धा दिवस गेला. लेदरचे डाग अजूनही पूर्ण गेलेले नाहीत.

दिवस कसे धरायचे

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागतं आणि मृग 7 किंवा 8 जूनला. मी रोहिणी लागल्या की काम काढतो आणि मृगाआधी गाडी झाकून मोकळा होतो. काम सलग पाच दिवसांचं नाही, पण मधे सुकायला वेळ लागतो, म्हणून दहा-बारा दिवस हाताशी हवेत. या दिवसांत दुपारनंतर वळीव केव्हाही येतो. त्यामुळं पाण्याची सगळी कामं सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान करायची. तेव्हा पत्रा थंड असतो, शाम्पू अंगावर वाळत नाही, आणि सुकायला पुढं सगळा दिवस मिळतो.

आधी जागा

गाडीला हात लावण्याआधी ती कुठं उभी राहणार ते बघा. आपल्याकडं बरीच जुनी घरं जांभ्या दगडाची आणि मंगळुरी कौलांची. जांभा पाणी शोषतो आणि भिंत आतून घाम सुटल्यासारखी ओली होते. गाडी भिंतीपासून दोन फूट तरी लांब उभी करा. घर शाकारताना गॅरेजवरची कौलंही फिरवून घ्या. एका फुटक्या कौलातून थेंब-थेंब पाणी चार महिने एकाच जागी बॉनेटवर पडलं तर कुठलंही वॅक्स पुरणार नाही.

जमीन मातीची किंवा जुन्या कोब्याची असेल तर खालून ओल वर येते. जाड प्लास्टिकचा कागद गाडीच्या मापापेक्षा फूटभर मोठा अंथरा आणि त्यावर प्लायवूड किंवा रबरी मॅट टाका. हा खर्च किरकोळ आहे, पण खालचा पत्रा आणि सायलेन्सर यांना यापेक्षा जास्त फायदा दुसऱ्या कशानं होत नाही.

अपार्टमेंटच्या तळघरात गाडी ठेवणार असाल तर 2019 चा ऑगस्ट आठवा. त्या पुरात जिल्ह्यात कुठं-कुठं पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर असतं, त्यामुळं दुसऱ्या गाडीचे फक्त टायर भिजतात तेवढ्या पाण्यात हिच्या आत पाणी येतं. नाल्याकडेचं तळघर टाळा आणि उंचावरच्या नातेवाइकाकडं जागा मागा. गाडी बंद आहे म्हणून विमा संपू देऊ नका. पुराचं नुकसान फक्त थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चालू असावा लागतो. आणि कधी पाणी शिरलंच तर गाडी चालू करून बघायची नाही, उचलूनच न्यायची.

धुणं

सुरुवात चाकांपासून. सगळ्यात जास्त घाण तिथं असते आणि ती उडून पत्र्यावर बसते, म्हणून पत्रा नंतर. रिम थंड हव्यात. चाकाच्या वरच्या कमानीत हात घालून बघा: खानापूरच्या बाजूला फिरलेल्या गाडीत तांबड्या मातीचा थर सापडेल, गोकाक-अथणीकडून आलेल्या गाडीत काळी चिकट माती. ही माती ओल धरून ठेवते आणि पत्र्याची दुमडलेली कड आतून सडवते. पाइप लावून खालून पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. बहुतेक लोक एक मिनिट पाणी मारून थांबतात. मी एका कमानीला दहा मिनिटं देतो.

मग गाडीवर आधी नुसतं पाणी, मग फोम. फोम पाच मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, आणि धुऊन टाका. सुटी धूळ हात न लावता निघून गेली पाहिजे, कारण बारीक चरे धुतानाच पडतात. यानंतर दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग पुसा, साध्या पाण्यात खळबळून घ्या, मग परत शाम्पूत. वरून खाली या. हात गोल फिरवू नका, सरळ रेघेत चालवा. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या मोज्यानं. भांडी घासायचा साबण किंवा कपड्याची पावडर नको, ती जुनं वॅक्स काढते आणि रबरं कोरडी करते.

आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. वाळलं की पांढरे खाराचे ठिपके राहतात आणि उन्हात ते रंगात उतरतात. शेवटचं खळबळणं आरओ फिल्टरच्या गोड पाण्यानं करा. बागेच्या फवारणी पंपात आठ-दहा लिटर भरलं तर पुरतं. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं वाया पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. जुने ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडानं मिनिटभर लावायचं आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.

उद्यमबागची धूळ, डांबर आणि आंब्याचा चीक

धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलं आहे. बेळगावात हे बहुतेक वेळा लोखंड असतं. ब्रेक पॅडमधून लोखंडाचे कण उडतातच, पण उद्यमबागसारख्या ठिकाणी, जिथं फाउंड्री आणि ग्राइंडिंगचं काम चालतं, तिथं रोज उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते कितीतरी जास्त बसतात. उन्हाळ्यात हे कण गप्प असतात. पावसाळी हवा लागली की गंजतात, फुगतात आणि नारिंगी ठिपके होतात. पांढऱ्या गाडीवर लगेच दिसतात, काळ्या गाडीवर उशिरा कळतं.

यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. सावलीत, थंड पत्र्यावर मारा. तीन ते पाच मिनिटांत लोखंड असेल तिथं जांभळे ओघळ दिसतात. वाळायच्या आत धुऊन टाका. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि हाताची कातडी कोरडी पडते, म्हणून मोजे घाला. रिमवर हाच फवारा मारला तर पाणी जांभळं होऊन वाहतं.

डांबराचे ठिपके दारांच्या खाली आणि मागच्या चाकामागं सापडतात. त्यावर टार रिमूव्हर लावा. रॉकेलनंही निघतात, पण रॉकेलची तेलकट साय राहते आणि वर सीलंट, म्हणजे रंग जपणारा शेवटचा थर, धरत नाही, म्हणून ती जागा परत शाम्पूनं धुवावी लागते. मे महिन्यात आंब्याच्या झाडाखाली गाडी उभी केली असेल तर चिकाचे थेंब असतील. ते नखानं खरवडू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झालं की पुसा, राहिलंच तर थोडं अल्कोहोल. निपाणी-चिकोडीकडच्या गाड्यांवर उसाचा पाला जाळल्याची काजळीही असते. ती धुताना निघते, पण कोरड्या कापडानं पुसली तर चरे पडतात.

यानंतरही खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. पाण्यात थोडा शाम्पू घालून पत्रा निसरडा करा, क्लेचा चपटा तुकडा जोर न लावता सरकवा, आवाज बंद झाला की पुढं जा. दर हातभर जागेनंतर क्ले दुमडून नवी बाजू घ्या. खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही नवा असला तरी.

पॉलिश कमी, सीलंट नक्की

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे: दर वर्षी करू नका. रंगावरचा पारदर्शक थर सुमारे 40-50 मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा खाते. चरे फार असतील तर दोन-तीन वर्षांतून एकदा, डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिश मशीननं, आधी फूट-दीड फुटाच्या तुकड्यावर करून बघून. रंग परत मारलेल्या भागावर थर किती आहे ते मोजल्याशिवाय मशीन लावू नका.

ठेवणीसाठी कार्नोबा या झाडाच्या मेणाच्या वॅक्सपेक्षा सिंथेटिक सीलंट बरा. कार्नोबाची झळाळी सुंदर असते, पण दीड-दोन महिन्यांत ती उतरते. सीलंट चार-सहा महिने टिकतो. पातळ थर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, स्वच्छ मायक्रोफायबरनं काढा. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. पहिल्या दिवशी त्याला पाणी लागू देऊ नका. रिमनाही एक थर द्या. सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर यातलं काही नको, फक्त त्याचा टॉपअप स्प्रे मारा.

कापडी टप आणि पाण्याच्या वाटा

टप कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, मग टपासाठी मिळणाऱ्या क्लीनरनं शिवणीच्या दिशेनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा, पण प्रेशर वॉशरची नळी जवळ नेऊ नका, शिवण उसवते. मग पूर्ण सुकू द्या. वरून हात कोरडा लागला तरी शिवणीत पाणी असतं, म्हणून मी चोवीस तास सोडतो. त्यानंतर पाणी झटकणारा टप-प्रोटेक्टंट फवारायचा. कापडाचा वेगळा आणि रेक्झिनचा वेगळा, एकमेकांचे चालत नाहीत. पावसाळाभर टप लावलेलाच ठेवायचा. मिटलेल्या टपाला घड्या पडतात, आणि ओलसर हवेत त्या घड्यांत बुरशी धरते.

टपापेक्षाही महत्त्वाच्या आहेत त्याच्या खालच्या पाण्याच्या वाटा. बहुतेक उघड्या गाड्यांत टपाच्या मागच्या कोपऱ्यांत दोन नळ्या असतात, त्यातून पाणी चाकामागं खाली जातं. काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या जाळीखालीही तशाच वाटा असतात. त्यात झाडाची पानं, माती आणि धूळ बसून गारा होतो. मग पाणी वाट शोधत आत येतं, आणि काही गाड्यांत टपाची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक डबा नेमका त्याच खोलगट जागी बसवलेला असतो. एका पावसात मोटर पाण्यात बुडाली की तिची किंमत ऐकून घाम फुटतो.

तपासणी सोपी आहे. वाटेच्या तोंडात अर्धा पेला पाणी हळू ओता आणि गाडीखाली बघा. लगेच धार पडली तर ठीक. थांबून-थांबून पडलं तर चोंदलं आहे. गवत कापायच्या यंत्रात लागते ती नायलॉनची दोरी घ्या, तिचं टोक मेणबत्तीवर गोल करा आणि सावकाश आत-बाहेर करा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका. नळी आतल्या सांध्यातून निसटते आणि ते कळतं थेट कार्पेट ओलं झाल्यावर. मी हे काम धुण्याच्या दिवशीच करतो, म्हणजे आत शिरलेलं पाणी सुकायला आठवडा मिळतो.

दारांच्या आणि टपाच्या रबरांना सिलिकॉनचं ड्रेसिंग किंवा थोडं ग्लिसरीन लावा. व्हॅसलिन लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा. पेट्रोलियम पदार्थांनी बीडिंगचं रबर फुगतं आणि सैल होतं.

आतलं काम

गाडीतून सगळं बाहेर काढा: कागद, टिश्यू, नाणी, मॅट, स्टेपनीखालचं सामान. गाडीचे कागद घरात ठेवा. मॅट धुऊन, सुकवून घरातच ठेवायच्या, परत गाडीत टाकायच्या नाहीत. रबरी मॅटखाली कार्पेटला वारा लागत नाही. एक बिस्किटाचा चुरा राहिला तरी मुंग्या येतात आणि मुंग्यांमागं उंदीर. व्हॅक्यूम सीटच्या रुळांपर्यंत मारा. मग कार्पेटखाली हात घालून दाबून बघा. थंड लागलं तर ओल आहे. टेबल फॅन लावून दार उघडं ठेवा, दिवसभर, लागलं तर दोन दिवस.

लेदरच्या बाबतीत शहापुरातल्या एका जुन्या सीट शिवणाऱ्या मामांनी मला एक वाक्य ऐकवलं होतं: "लेदरला तेल पाजू नको, तेल बुरशी खाते." माझ्या सीटवर नेमकं तेच झालं होतं. आजकालच्या गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर असतो, कंडिशनर आत फारसा मुरतच नाही, वरच बसतो. हातांचा घाम, त्वचेचं तेल आणि जाड कंडिशनर, या तिन्हींवर बुरशी पोसते. म्हणून आधी लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशनं मळ काढा, ओल्या कापडानं पुसा, पंख्याखाली सुकवा, आणि मग कंडिशनरचा अगदी पातळ हात द्या. तासाभरानं कोरड्या कापडानं उरलेला काढून टाका. बोट फिरवल्यावर चिकट लागायला नको. स्टीअरिंग, गिअरचा गोळा आणि हँडब्रेकची मूठ हीही तशीच स्वच्छ करा, हात तिथंच सगळ्यात जास्त लागतात.

सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, कपड्याच्या चिमट्यानं अडकवा, सौम्य साबणानं पुसा आणि रात्रभर सुकू द्या, मगच आत सोडा. ओला पट्टा गुंडाळला गेला की आत सडतो.

एसीचं एक काम राहून जातं. एसीच्या आतल्या जाळीवर नेहमी पाणी असतं. गाडी बंद करायच्या आधी दहा मिनिटं एसी बंद करा, हीटर लावा आणि पंखा मोठा ठेवा. हे शेवटच्या फेरीत करायचं. नाहीतर दसऱ्याला पहिल्यांदा एसी लावल्यावर कुबट वास येतो आणि तो काढायला पैसे पडतात.

शेवटची फेरी, तेल आणि पेट्रोल

इंजिन ऑइल आणि फिल्टर ठेवणीआधी बदला, नंतर नाही. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, तो चार महिने बेअरिंगवर बसून राहतो. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं. दोन वर्षं झाली असतील तर आत्ताच बदलून घ्या.

मग एक कोरडी सकाळ बघून गाडी हायवेवर न्या. मी काकतीवरून हत्तरगीपर्यंत जातो आणि परत येतो. इंजिन पूर्ण तापलं पाहिजे आणि सायलेन्सरमधलं पाणी वाफ होऊन गेलं पाहिजे. दहा मिनिटांच्या गल्लीतल्या चकरेनं हे होत नाही, अर्धा तास तरी लागतो. अधूनमधून ब्रेक थोडा जोरात दाबा, डिस्क तापून कोरड्या होतात.

परतताना पंपावर थांबा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि पेट्रोल पंप ओढतो ते टाकीच्या तळातूनच. उपाय दोन: आधी फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव) बाटलीवरच्या मापानं टाकीत ओता, मग टाकी भरा. टाकीत हवा कमी म्हणजे ओल कमी. काठोकाठ मात्र नको, पहिल्या कटला थांबा. पंपापासून घरापर्यंतच्या प्रवासात ते पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतं.

घरी आल्यावर गाडीवर थोडी धूळ असेल, पुढच्या बंपरवर किडे असतील. किडे ओल्या कापडानं लगेच काढा, त्यांच्यात आम्ल असतं. धूळ ब्लोअरनं उडवा आणि क्विक डीटेलर (न धुता पुसायचा फवारा) फवारून हलक्या हातानं टिपा. पुन्हा पाण्यानं धुवायचा मोह आवरा. धुळीचा पातळ थर राहिला तर चालेल, पाणी राहिलेलं चालणार नाही. इंजिन गार झाल्यावर बॉनेट, डिकी, दोन्ही दारं, पेट्रोलचं झाकण उघडून दोन-तीन तास वाऱ्याला ठेवा. ब्लोअर आरशांच्या खाचांत, लोगोच्या मागं, दिव्यांच्या कडेला, चाकांच्या नटांच्या भोकांत फिरवा. पाणी कुठं-कुठं लपतं ते बघून आश्चर्य वाटेल.

ब्रेक, टायर, बॅटरी

हँडब्रेक ओढून ठेवू नका, पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि दोन चाकांना लाकडी ठोकळे लावा. विजेवरचा हँडब्रेक असेल तर तो आपोआप लागू नये म्हणून काय करायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते वाचा. टायरमध्ये दाराच्या पट्टीवर लिहिल्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जायचं नाही. टायरला चमक लावू नका. चार महिन्यांसाठी गाडी घोडीवर चढवायची गरज नाही, सस्पेन्शन लोंबकळत राहतं.

बॅटरी पूर्ण चार्ज झाली की मीटरवर 12.6 व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. 12.4 च्या खाली महिनाभर राहिली तर प्लेटा खराब होतात. बॅटरी भरली की स्वतःच थांबणारा ऑटोमॅटिक मेंटेनर चार्जर लावून ठेवा आणि बॅटरी एजीएम प्रकारची (बॅटरीवर तसं लिहिलेलं असतं) असेल तर चार्जर तसा हवा. आपल्याकडं पावसात वीज जाते-येते. काही चार्जर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, म्हणून विकत घेतानाच प्लग काढून-घालून बघा. चार्जर लावला नाही तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा, पण त्याआधी डिकी किल्लीनं उघडते का ते एकदा करून बघा आणि किल्ली गाडीबाहेर ठेवा.

उंदीर

पाऊस लागला की शेतातली बिळं भरतात आणि उंदीर घराकडं येतात. गरम कोरडं बॉनेट त्यांना हवंच असतं. सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवा. त्याची आठवण राहावी म्हणून स्टीअरिंगला लाल फीत बांधा, तीवर लिहा: "जाळी काढ". गॅरेजच्या भिंतीला लागून दोन-तीन सापळे लावा. निपाणीची तंबाखू पुडीत बांधून बॉनेटखाली ठेवायची पद्धत आपल्याकडं आहे. वास ताजा असतो तोवर आठ-दहा दिवस उपयोग होतो, त्यानंतर ओलसर हवेत ती मऊ पडते आणि उंदीर तिच्याशेजारी घर करतात, हे मी पाहिलं आहे. ठेवायची तर दर पंधरवड्याला बदला. डांबराच्या गोळ्या गाडीच्या आत नको, तो वास सीटमधून वर्षभर जात नाही आणि लहान मुलांना त्या घातक आहेत. ओल घालवायला बॉनेटखाली पेटता बल्ब ठेवण्याची जुनी युक्ती तर अजिबात नको, आगीचं काम आहे.

झाकणं आणि पाळत

काचा पूर्ण बंद. आत प्रत्येक सीटपुढं पाय ठेवायच्या जागी सिलिका जेलची पिशवी, मिळून एक किलोभर, आणि डॅशबोर्डवर छोटा आर्द्रता मीटर. पाणी धरणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त आहेत, पण ते सांडले तर ते पाणी धातू खातं, म्हणून ते गाडीत नको, गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा. परवडत असेल तर गॅरेजमध्ये डीह्युमिडिफायर लावा आणि 50-55 टक्क्यांवर ठेवा. वर मऊ कापडी, हवा खेळणारं कव्हर. ताडपत्री किंवा प्लास्टिक घातलं तर आतली ओल आतच राहते, माझ्या पहिल्या वर्षी झालं तसं.

दर पंधरा दिवसांनी कव्हर काढा. दार उघडल्यावर पहिला श्वास घ्या, कुबट वास आला तर टॉर्च घेऊन बुरशी शोधा. मीटर 65 च्या वर गेला असेल तर सिलिका जेल ओव्हनमध्ये सुमारे 120 अंशांवर दोन-तीन तास वाळवून परत ठेवा. बॅटरीचे व्होल्ट बघा, टायरची हवा बघा, उंदराच्या लेंड्या बघा, आणि गिअर काढून, ठोकळे सरकवून गाडी हातानं फूटभर ढकला (नंतर दोन्ही परत लावा) म्हणजे टायर एकाच जागी चपटा होणार नाही. "दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो" असं बरेच जण सांगतात, ते करू नका. इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बॅटरी उतरते. गणपतीच्या दिवसांत दोन-तीन दिवस उघडीप मिळाली आणि रस्ता खरोखर कोरडा असेल तर अर्धा तास फिरवून आणा. नसेल तर झोपू द्या.

खंडेनवमीला काढताना

आधी लाल फीत आणि जाळ्या. मग तेलाची पातळी, टायरची हवा, खाली कुठं डाग पडला आहे का, वायर कुरतडली आहे का. चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं इंजिन ओढू नका. डिस्कवर तांबूस थर असेल, पहिल्या दोन-चार हलक्या ब्रेकमध्ये तो जातो आणि खरखर थांबते. थांबली नाही तर गॅरेज गाठा.

पूजा करताना ओलं कुंकू रंगावर लावू नका. त्याचा लाल रंग पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर उन्हात धरतो आणि मग पॉलिशशिवाय जात नाही. हळद-कुंकू काचेवर लावा. झेंडूचा हार तारेचा असतो, ती तार बॉनेटवर घासते. हार सुती दोऱ्यात ओवून घ्या, आणि संध्याकाळी तो सुकायच्या आत काढा.